५.१ मधला .१: सोलापूरच्या घरांत बास नीट कसा लावायचा

जुळेसोलापूरकर

टीव्हीवरच्या मागच्या धाग्यात साउंडबार, सब (सबवूफर, म्हणजे बासचा, खालच्या सुरांचा खास स्पीकर) आणि ५.१ सगळं एकमेकांत मिसळलं आणि बऱ्याच जणांचे प्रश्न तसेच राहिले, म्हणून वेगळा धागा काढतोय. ते प्रश्न पुन्हा वाचले तर बहुतेकांच्या मुळाशी एकच समज दिसतो: सबवूफरमधून जे वाजतं तोच .१ चॅनल. हा समज धरून सेटिंग केलं की एक तर घर हादरतं, नाही तर सब मुका बसतो. चांगले पैसे घालून घेतलेला संच दोन-तीन सेटिंगांपायी वाया जाताना मला बघवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

५.१ च्या साउंडट्रॅकमध्ये पाच चॅनल पूर्ण पल्ल्याचे असतात. समोर डावा, मधला, उजवा आणि बाजूचे किंवा मागचे दोन. या पाचांतल्या प्रत्येकात खोल बाससुद्धा असू शकतो, हे आधी पक्कं धरा. सहावा चॅनल एलएफई, म्हणजे लो फ्रिक्वेन्सी इफेक्ट्स. डॉल्बी डिजिटल या ध्वनिपद्धतीत तो १२० हर्ट्झपर्यंतच (सेकंदाला १२० कंपनं) जातो. बाकीचे चॅनल २०,००० हर्ट्झपर्यंत पोचतात, त्यांच्यापुढे याचा पल्ला इतका तोकडा की त्याला पूर्ण एक न मोजता .१ म्हटलं गेलं. ५.१ अशी मोजणी ध्वनितज्ज्ञ टॉमलिन्सन होलमन यांनी १९८७ मध्ये सुचवली. डॉल्बी डिजिटल १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर थिएटरात आलं, तशीच दुसरी पद्धत डीटीएस १९९३ मध्ये 'जुरासिक पार्क'बरोबर.

हा वेगळा चॅनल लागला का, तर गरज थिएटरची होती. पडद्यामागच्या स्पीकरांवर संवाद आणि संगीत चालू असताना स्फोटाचा सगळा बास त्यांच्यातूनच काढायला गेलं की त्यांची ताकद तिथेच संपते. १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स'च्या ७० मिमी प्रतींवर सहा मॅग्नेटिक ट्रॅकांपैकी दोन ट्रॅक बाससाठी दिले होते. एलएफई हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा. त्याला मुख्य चॅनलपेक्षा १० डेसिबल जास्तीची जागा मिळते: ध्वनिमुद्रण करताना तो १० डेसिबल खाली ठेवतात आणि वाजवताना तेवढाच वर उचलतात. थिएटरच्या संदर्भ पातळीला (चित्रपट वाजवायचा ठरलेला आवाज) मुख्य चॅनलचं शिखर १०५ डेसिबलला असतं, एलएफईचं ११५ ला. स्फोट, भूकंप, हेलिकॉप्टर, हत्तीचं पाऊल असल्या मोजक्या जागांसाठी ही सोय आहे. पुष्कळ चित्रपटांत मिनिटामागून मिनिटं एलएफईत काहीही नसतं, आणि ते तसंच असायला हवं.

मग गप्पांच्या प्रसंगात, गाण्यात सब का वाजतो? रिसीव्हरमधल्या (आवाज उलगडून सगळ्या स्पीकरांना वाटणारा ॲम्प) बास मॅनेजमेंटमुळे. आपले घरातले स्पीकर लहान असतात, ४० हर्ट्झ त्यांना झेपत नाही. म्हणून रिसीव्हर पाचही चॅनलमधला एका हद्दीखालचा बास काढून सबकडे वळवतो आणि त्यात एलएफई मिळवतो. सब म्हणजे टाकी समजा आणि तिच्यात दोन नळ पडतात. पाणी कमी-जास्त झालं तर आधी कुठला नळ ते बघायला हवं. रिसीव्हरच्या मेनूत म्हणूनच दोन वेगळी सेटिंग असतात. सब लेव्हल दोन्ही मिळून वरखाली करते, एलएफई लेव्हल फक्त त्या एका चॅनलला हात लावते. एलएफई लेव्हल शून्यावर राहू द्या.

स्पीकर साइज 'स्मॉल' ठेवा, समोर उंच टॉवर असले तरी. त्या सेटिंगचा स्पीकरच्या आकाराशी संबंध नाही. याच्या खालचा बास सबकडे पाठव, एवढाच तो हुकूम आहे. क्रॉसओव्हर, म्हणजे ती हद्द, ८० हर्ट्झ. चित्रपटांच्या आवाजाची मानकं ठरवणाऱ्या टीएचएक्सने हाच आकडा धरला, कारण त्याच्या खालचा आवाज नेमका कुठून येतो ते कानाला जवळपास कळत नाही. रिसीव्हरचा माइक लावून ऑटो सेटिंग केलं की तो टॉवर स्पीकर पुष्कळदा 'लार्ज' धरतो. ते नंतर हाताने बदलायचं. 'एलपीएफ फॉर एलएफई' (एलएफईची वरची हद्द ठरवणारं सेटिंग) १२० वर ठेवा, कारण तो चॅनल तिथवरच आहे. आणि सबच्या पाठीवरचा क्रॉसओव्हरचा खटका सर्वांत मोठ्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवा, किंवा एलएफई इनपुट असेल तर पिन त्यात लावा. रिसीव्हर एकदा गाळतोय, सबने परत गाळलं तर मधला पट्टा पातळ होतो. 'एलएफई प्लस मेन' नावाचं सेटिंग टाळा. त्यात तोच बास स्पीकरमधूनही येतो आणि सबमधूनही, आणि खोलीत तो कुठे दुप्पट होतो तर कुठे नाहीसा.

अजून एक, आणि याने सर्वांत जास्त घरं अडलेली मी पाहिली आहेत. टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर असेल तर ऑप्टिकल केबलमधून दोनच चॅनल बाहेर पडतात. पाचाचे दोन करताना एलएफई सहसा गाळला जातो. मग सब वाजतो, पण फक्त वळवलेल्या बासवर. तिथे 'बिटस्ट्रीम', 'पासथ्रू' किंवा 'डॉल्बी डिजिटल' असेल ते निवडा आणि रिसीव्हरच्या पट्टीवर डॉल्बी किंवा डीटीएसचं नाव उमटतं का बघा.

प्रश्न टाका. जमेल तसं उत्तर देतो.

पेठेतला_पोरगा

दादा, लई भारी लिहिलंय. पण एक सांगा की ओ. माझ्याकडे नवी पेठेतून घेतलेला ५.१ चा संच आहे, खोक्यावर मोठ्ठा पीएमपीओ आकडा, पाच डबे आणि एक वूफर. मागे लाल-पांढऱ्या दोन पिना. पट्टीवर डॉल्बीचं नाव काही येत नाही. यात एलएफई येतो का?

जुळेसोलापूरकर

नाही. दोन पिना म्हणजे दोन चॅनल, डावा आणि उजवा. त्या संचात डिकोडर, म्हणजे डॉल्बीचे चॅनल उलगडणारा भाग, नाही. आतला बोर्ड त्या दोनांचाच आवाज पाच डब्यांना वाटतो आणि त्याच दोनांची बेरीज गाळून वूफरला देतो. गाणी ऐकायला काही अडचण नाही, पण चित्रपटातला खरा .१ तुझ्यापर्यंत पोचतच नाही. पीएमपीओचा आकडा बाजूला ठेव. तो क्षणभराच्या कल्पित शिखराचा आकडा असतो आणि प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने काढतो. आरएमएस (सतत देता येणारी ताकद) किती आणि किती ओहमला, हे बघायचं. पुढचं काही घेशील तेव्हा एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर काढणारी जोडणी) किंवा ऑप्टिकल आहे का आणि डॉल्बी डिजिटलचा डिकोडर आहे का, हे दोन प्रश्न दुकानात आधी विचार.

तारजोडी

मी अशोक चौकात ॲम्प्लिफायर असेंबल करून देतो, त्यामुळे यात थोडी भर घालतो. आजकाल ऑप्टिकलवरून डॉल्बी आणि डीटीएस उलगडणारे छोटे डिकोडर बोर्ड मिळतात, त्यातून सहा पिना बाहेर येतात. पेठेतल्या पोराने आपला संच तसाच ठेवून असा बोर्ड लावायचा म्हटलं तर चालणार नाही, कारण ॲम्पलाही सहा वेगळे इनपुट लागतात. आणि ज्यांनी असा संच केलाय त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. या बोर्डांपैकी पुष्कळांत बास मॅनेजमेंट नसतंच. समोरच्या चॅनलचा बास समोरच्याच डब्यात जातो, सबला केवळ एलएफई मिळतो. त्यामुळे गिऱ्हाईक फोन करतं की युद्धाच्या पिक्चरला सब वाजतो आणि गाण्याला गप्प. बोर्ड बिघडलेला नसतो, तो सांगितलं तेवढंच काम करतोय. दुसरं, वर सांगितलेले ते १० डेसिबल बोर्डात धरलेले नसले तर सबचा आवाज हाताने चढवावा लागतो.

मी अशा वेळी समोरच्या दोन चॅनलना मोठे, आठ इंची वूफरचे डबे सुचवतो, म्हणजे बास मॅनेजमेंट नसलं तरी गाणं कोरडं वाटत नाही.

जुळेसोलापूरकर

@तारजोडी, हे फार कामाचं सांगितलंत. गाण्याला सब गप्प, पिक्चरला वाजतो, ही त्या प्रकारची अचूक खूण आहे.

शहाबादी

आमचं घर जुनं, हॉल १५ बाय १२, उंची १०, खाली शहाबादी फरशी, भिंती दगडी. रिसीव्हर चांगला आहे, सब दहा इंची. तुम्ही लिहिलेली सगळी सेटिंग आधीपासून तशीच आहेत. तरी सोफ्यावर बसलं की बास जवळजवळ नाही आणि मागे दाराशी उभं राहिलं की पोटात घुसतो. सोफा हॉलच्या बरोबर मधोमध आहे. सब खराब आहे का?

जुळेसोलापूरकर

सब ठणठणीत आहे. तुम्ही नेमक्या नको त्या जागी बसता आहात, आणि तुमच्या मापांवरून ते आकड्यांत दाखवता येतं.

आवाज सेकंदाला साधारण ३४६ मीटर जातो, हे २५ अंश तापमानाला. म्हणजे २० हर्ट्झची एक लाट १७ मीटरची, ८० हर्ट्झची सव्वाचार मीटरची. या लाटा तुमच्या हॉलएवढ्या किंवा त्याहून मोठ्या आहेत. खोलीची लांबी ज्या लाटेच्या निम्म्याएवढी असते ती लाट दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते. तुमची १५ फुटांची बाजू ३८ हर्ट्झला बोलते, १२ फुटांची ४७ ला, उंची ५७ ला. अशा उभ्या लाटेचा जोर भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. तुमचा सोफा लांबीच्या मध्यावर आहे, म्हणजे ३८ च्या खड्ड्यात. रुंदीच्याही मध्यावर असेल तर ४७ चाही खड्डा तिथेच. स्फोटाचा गाभा याच पट्ट्यात असतो. दाराशी, भिंतीजवळ तोच आवाज फुगतो.

हा खड्डा आवाज वाढवून भरत नाही. सब दुप्पट चढवला तरी मध्यावर शून्याचं शून्यच, फक्त दाराशी आणखी त्रास. सोफा दोन-अडीच फूट मागे सरकवा. भिंतीला टेकवू नका, तिथे दुसरं टोक गाठलं जातं.

मग सबची जागा. सब उचलून सोफ्यावर, तुमच्या डोक्याच्या जागी ठेवा. बासचा एकसारखा तुकडा लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यावर सरकत ऐका. जिथे सगळे सूर एकसारखे, न फुगता ऐकू येतात तिथे सब ठेवायचा. ध्वनीच्या दृष्टीने बोलणारा आणि ऐकणारा यांच्या जागा अदलाबदल करता येतात, म्हणून ही युक्ती चालते. कोपऱ्यात सब सर्वांत जोरात वाजतो, पण खोलीच्या सगळ्या उभ्या लाटाही तिथूनच जोरात उठतात. दगडी भिंती आणि फरशी बास जवळजवळ शोषत नाहीत, तेव्हा तुमच्याकडे कोपरा मी शेवटी बघेन.

कासेगावची_सून

आमच्याकडे भावजींनी आवाज घुमतो म्हणून टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर दोन जाड सोलापुरी चादरी लावल्यात. बोलणं आधीपेक्षा स्पष्ट झालं हे खरं. पण बासची घूं घूं तेवढीच आहे. चादरी आणखी वाढवू का?

जुळेसोलापूरकर

ताई, बोलणं स्पष्ट झालं ते चादरीमुळेच, त्या राहू द्या. वरच्या पट्टीतल्या आवाजाच्या लाटा काही सेंटिमीटरच्या असतात, कापड त्यांना धरतं. बासचं गणित वेगळं आहे. कापूस, फोम, चादर असल्या मऊ वस्तू सर्वांत चांगलं काम कुठे करतात, तर भिंतीपासून लाटेच्या पाव अंतरावर. ४० हर्ट्झचा पाव म्हणजे सात फूट. तेवढी जागा कोण देणार! चादरी दुप्पट केल्या तर वरचा आवाज आणखी मरेल, खोली मंद वाटेल आणि घूं घूं तशीच राहील. त्याऐवजी कापसाच्या जुन्या जाड गाद्या गुंडाळून दोन कोपऱ्यांत उभ्या केल्या तर ८०-१०० हर्ट्झच्या आसपास थोडा तरी फरक पडेल. त्याच्या खाली मात्र सबची आणि बसण्याची जागा हाच उपाय.

मागवाला_पूर्वभाग

माझा प्रश्न वेगळा आहे. वडिलांनी उभं आयुष्य यंत्रमागावर काढलं. कानाला कमी येतं. त्यांना मराठी पिक्चर फार आवडतात, पण संवाद कळत नाहीत म्हणून आवाज चढवायला सांगतात. चढवला की संवाद तरी कुठे कळतात, पण वूफर धडधडायला लागतो, आई वैतागते, वरचा पत्रा वाजतो आणि शेजारी बोलतात. शेवटी तेच बंद करा म्हणतात आणि उठून जातात. सब काढून टाकावा का? त्याने संवाद कमी होतील अशी भीती वाटते.

जुळेसोलापूरकर

तुमचा प्रश्न या धाग्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या यंत्रमागांच्या पूर्व भागात हे घराघरांत असणार.

सतत गोंगाटात काम केल्याने जे ऐकणं जातं ते पहिल्यांदा ४००० हर्ट्झच्या आसपास जातं. क, त, स, ट, फ अशा व्यंजनांची ओळख पटवणारा आवाज २००० च्या वर पसरलेला असतो. स्वर खाली असतात. म्हणून त्यांना कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. मुख्य आवाज चढवला की स्वरही वाढतात, बासही वाढतो, आणि जे हवंय ते तुलनेने तेवढंच मागे राहतं. खालचा जोरदार आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकतोसुद्धा.

सब काढायची गरज नाही. ५.१ च्या चित्रपटात संवाद बहुतेक सगळे मधल्या चॅनलमध्ये असतात, एलएफईत संवाद ठेवतच नाहीत. तेव्हा सब लेव्हल पाच-सहा डेसिबल खाली आणा आणि सेंटर चॅनल तीन-चार डेसिबल वर न्या. संवाद कळायला लागणारा काहीही भाग यात जाणार नाही. मधला स्पीकर टीव्हीखाली कपाटात आत सरकवलेला असेल तर तो कडेपर्यंत पुढे ओढा आणि तोंड वडिलांच्या कानाकडे वळवा. रिसीव्हरमध्ये 'डायलॉग लेव्हल' किंवा 'डायलॉग एन्हान्सर' असेल तर तेही वापरा. रात्री 'डायनॅमिक रेंज कंट्रोल' किंवा 'नाइट मोड' चालू करा. त्याने स्फोट दबतात आणि हळू बोलणं वर येतं. शुद्ध ऐकणारे लोक याला नाकं मुरडतात, तिकडे लक्ष देऊ नका. वडिलांना शेवटपर्यंत बसून पिक्चर बघता आला पाहिजे.

एक तपासा. तुमचे स्पीकर मुठीएवढे लहान असतील तर रिसीव्हरने क्रॉसओव्हर १५०-२०० वर ठेवला असेल. पुरुषाच्या आवाजाचा पाया १०० च्या आसपासचा, म्हणजे तो सबमधून येतोय आणि सब कोपऱ्यात असेल तर माणूस पडद्यावर आणि घुमारा कोपऱ्यात असं होतं. अशा संचात सब टीव्हीच्या जवळच ठेवावा लागतो.

आणि त्यांच्या कानांची एकदा तपासणी करून घ्या. सेटिंगने थोडंच भरून निघतं, योग्य श्रवणयंत्राने पुष्कळ.

मागवाला_पूर्वभाग

सेंटर खरंच कपाटात आत आहे. स्पीकर लहानच आहेत, क्रॉसओव्हर १५० दाखवतोय. सब आज टीव्हीशेजारी आणतो. पत्र्याचं काय करू?

तारजोडी

पत्र्याचं मी सांगतो. पत्रा अख्खा वाजत नाही, एखादा हुक नाही तर एखादी जोडणी सैल असते. मोबाइलवर सूर काढणारं ॲप घ्या, सबला जोडा आणि ३० पासून १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जा. कुठल्या तरी एका आकड्यावर खडखड सुरू होईल. तो सूर तसाच धरून ठेवा आणि कुणाला तरी शिडीवर पाठवून एकेक जागा हाताने दाबायला सांगा. दाबल्यावर थांबली तीच जागा. हुकाचा नट आवळा, खाली नवा रबरी वायसर घाला. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या स्टीलच्या ताटांचंही तसंच. ती भिंतीला टेकून उभी असली की ठरावीक सुराला गुणगुणतात, आणि लोकांना वाटतं वूफर फाटला. सूर लावताना आवाज बेताचा ठेवा, सलग सुराने सबची कॉइल तापते.

पेठेतला_पोरगा

मला मिरवणुकीतल्या डीजेसारखं छातीत बसणारं पाहिजे. ते एलएफईनेच येतं ना बे तारजोडी?

तारजोडी

ते वेगळं रे. डीजेचे मोठे खोके साधारण ४० च्या खाली फारसे जात नाहीत. छातीत बसतो तो ५० ते १०० मधला धक्का, तोही प्रचंड पातळीला. पिक्चरचा एलएफई २०-३० पर्यंत उतरतो. तो ऐकू कमी येतो, जमीन हलल्यासारखा जास्त वाटतो. तुला हवा तो धक्का निम्मा तर तुझ्या समोरच्या स्पीकरांतून यायचा असतो. सब आणि स्पीकर ८० च्या हद्दीवर नीट जुळले नाहीत तर कितीही मोठा सब आण, धक्का विस्कटतो. सबच्या मागचा फेजचा खटका (सबची लाट उलटी करणारा) ० आणि १८० करून बघ. ज्यात ढोलाचा ठोका भरीव लागतो तिकडे ठेव.

जुळेसोलापूरकर

@पेठेतला_पोरगा, रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतले हे आकडे. ते ज्या ए-मापाने मोजतात ते खालच्या सुरांना फार कमी धरतं, म्हणून मीटरवर ठीक दिसणारा बाससुद्धा शेजारच्या बाळाला झोपू देत नाही. भिंती वरचा आवाज अडवतात, बास त्यांतून निघून जातो. बास कमी करणं हीच शेजाऱ्यांच्या बाबतीत खरी काळजी.

अभंगवेडी

मी चित्रपट क्वचितच बघते. माझं सगळं ऐकणं अभंग, नाट्यगीतं आणि शास्त्रीय, तेही दोन चॅनलचं. मग या .१ चा मला काहीच उपयोग नाही असं समजू का? सब लावल्यावर डग्गा फार बोजड होतो म्हणून मी तो बंदच ठेवते.

जुळेसोलापूरकर

एलएफईचा उपयोग नाही, कारण दोन चॅनलच्या ध्वनिमुद्रणात तो नसतोच. सबचा मात्र आहे. डाव्या-उजव्यातला ८० खालचा भाग त्याच्याकडे वळतो आणि तुमचे लहान स्पीकर मोकळे होतात. डग्गा बोजड होतो याचा अर्थ सब जास्त चढलाय, किंवा तो ठोका नेमका खोलीच्या एखाद्या उभ्या लाटेवर पडतोय. पखवाज किंवा तबल्याची चांगली ओळखीची तबकडी लावा आणि डग्ग्याचा मींड ऐका, घिस्सा देताना सूर खालून वर सरकतो तो. सरकताना एखाद्या जागी तो एकदम फुगला तर खोली, आणि सगळीकडे सारखाच जड वाटला तर सब लेव्हल. दुसऱ्या बाबतीत एकेक डेसिबल खाली या, जोवर सब चालू आहे हे वेगळं जाणवत नाही आणि बंद केल्यावर मात्र तबला पोकळ वाटतो. संगीतासाठी बरोबर पातळी तीच. बहुतेक रिसीव्हर इनपुटप्रमाणे सबची पातळी लक्षात ठेवतात, मग चित्रपटासाठी वेगळी ठेवता येईल.

अभंगवेडी

मींडची कसोटी फार आवडली. फुगवटा एकाच जागी आहे, आताच ऐकून बघितलं. म्हणजे खोली.

होटगीरोड

दोन शंका. मी दोन सब घेतले तर ५.२ होतं, मग दुसरा एलएफई कुठून येतो? आणि आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, हिवाळ्यात पहाटे पंधराच्या खाली. आवाजाचा वेग तापमानाने बदलतो, तर माइकचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते ऑटो सेटिंग, दर ऋतूला करावं का?

जुळेसोलापूरकर

दुसरा एलएफई नसतो. साउंडट्रॅकमध्ये तो एकच, ७.१ मध्येही आणि डॉल्बीच्या नव्या ॲटमॉस पद्धतीमध्येही. ५.२ म्हणजे रिसीव्हरला सबचे दोन आउटपुट आहेत, इतकंच. पण दोन सबचा फायदा खरा आहे, आणि तो जोराचा नसून समानतेचा आहे. हर्मन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये यावर सविस्तर काम मांडलं. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक सब ठेवला तर सोफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा फरक बराच कमी होतो. चार भिंतींच्या मध्यावर चार ठेवले तर आणखी, आणि चाराच्या पुढे विशेष मिळत नाही. एक मोठा सब घेण्यापेक्षा त्याच पैशात दोन मध्यम, सारखेच सब घ्या, असं मी घरात तीन-चार जण एकत्र बघणाऱ्यांना सांगतो. एकटा ऐकणारा असेल तर एक चांगला पुरे.

तापमानाचं: १५ अंशांना वेग ३४० च्या आसपास, ४२ ला ३५६ च्या. वर शहाबादींच्या हॉलची ३८ ची लाट हिवाळ्यात ३७ आणि मेमध्ये ३९ होईल. एवढ्यासाठी पुन्हा कॅलिब्रेशन नको. उन्हाळ्यात अडचण कूलरची. त्याची घरघर माइकला बास म्हणून ऐकू येते आणि रिसीव्हर सगळं चुकीचं ठरवतो. माइक लावताना कूलर, पंखा, मिक्सर सगळं बंद, आणि पॉवरलूमच्या गल्लीत राहत असाल तर माग थांबल्यावर. स्वतः मोजायची हौस असेल तर 'रूम इक्यू विझार्ड' हा प्रोग्राम फुकट आहे, पण त्याला कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी माइक जोडा. फोनच्या माइकवर खालच्या सुरांसाठी भरवसा ठेवू नका.

शहाबादी

सोफा मागे घेतला, सब डाव्या भिंतीच्या मध्याजवळ आला. सोफ्यावर बास आला. आता सब गप्प असताना बारीक 'हं' असा सतत आवाज ऐकू येतो, तो आधी कधी जाणवला नव्हता. रिसीव्हर बंद केला तरी येतो. केबलचा सेट टॉप बॉक्स काढला की थांबतो.

तारजोडी

मग ५० हर्ट्झची अर्थिंगची गुणगुण आहे. केबलवाल्याची वायर बाहेरच्या कुठल्या तरी अर्थिंगला जोडलेली असते, सब तुमच्या घरच्या अर्थिंगला, आणि दोघांतला फरक सबच्या पिनेतून वाहतो. आधी सब, रिसीव्हर, टीव्ही आणि बॉक्स एकाच तीन पिनांच्या बोर्डावर घ्या. तेवढ्याने थांबलं नाही तर केबलची वायर बॉक्समध्ये शिरते तिथे ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, स्वस्तात मिळतो. सबच्या प्लगची अर्थिंगची पिन कुणी कापायला सांगितलं तर मात्र ऐकू नका. गुणगुण थांबेल, पण उद्या आत काही सुटलं तर त्या सबच्या धातूला हात लावणाऱ्याला झटका बसेल.